हरमलची गिटार, धारगळची गिटार

हरमलच्या त्या खोलीत शनिवारी दुपारी एका पलंगावर दोन गिटारी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या आणि आम्ही तिघंजण त्यांच्याभोवती उभे होतो. खोलीत दोन कदेलं, म्हणजे खुर्च्या, होती, पण बसत कोणीच नव्हतं.

तिघांतला एक म्हणजे त्या खोलीचा भाडेकरू, सत्तरी ओलांडलेला अमेरिकन. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत गिटार वाजवत त्यानं हरमलात बरीच वर्षं काढली होती. पावसाळ्यात त्याला हृदयविकाराचा झटका आला, डॉक्टरांनी एकटं राहायचं नाही असं बजावलं, आणि आता मंगळवारच्या विमानानं तो कायमचा मुलीकडे चालला होता. दुसरा धारगळचा, माझ्याच वयाचा. आमच्याकडे जहाजावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात, तो तारवटी. प्रवासी जहाजावरच्या वाद्यवृंदात वाजवून दोन वर्षांपूर्वी घरी परतला होता. तिसरी मी. डिचोलीच्या शाळेत गणित शिकवते, पेडण्यात राहते, आणि हंगामात शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी हरमलच्या एका हॉटेलात ड्रमवाला, बासवाला आणि मी अशा आमच्या छोट्या बँडमध्ये गिटार वाजवते. वाजवत होते, असं म्हणायला हवं. आठ महिने मी तारेला बोट लावलं नव्हतं.

मांद्र्याच्या वळणावर रेतीवरून माझी स्कूटर घसरली होती. डाव्या मनगटात धातूची पट्टी आणि स्क्रू बसले. हाड जुळलं, पण हात पूर्वीचा राहिला नाही. भाकरी थापताना, फळ्यावर लिहिताना काही कळायचं नाही. बोटं वाकवून जोर लावला की मात्र अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत एक कळ जायची. हे मी कोणालाच नीट सांगितलं नव्हतं. बँडमधल्या दोघांना ‘बरी आहे आता’ म्हटलं. हॉटेलवाल्यानं दिवाळीपर्यंत थांबतो, पुढे दुसरे बघतो, असं गोड शब्दांत कळवलं होतं. माझी जुनी जड गिटार पावसाळ्यात कपाटात पडून वाकली होती. म्हणून नवी घ्यायची होती, आणि घ्यायचीच तर पोकळ अंगाची, हे मी लहानपणापासून मनात धरलं होतं. साधी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे भरीव फळी. ही मात्र आतून रिकामी, व्हायोलिनसारख्या दोन खाचा असलेली. वजनाला हलकी, आवाजाला गोल.

पलंगावरच्या दोन्ही गिटारी एकाच कंपनीच्या होत्या. डोक्यावर नाव एकच, आकार एकच, रंगही जवळजवळ सारखा, पिकलेल्या काजूच्या बोंडासारखा. अमेरिकनाची होती ती त्याच्या देशातल्या कारखान्यात बनलेली. तारवट्याची कोरियात बनलेली.

“आमच्याकडे त्याच्या गिटारीला इम्पोर्टेड म्हणतात,” म्हातारा म्हणाला. म्हणताना ओठ जरा मुडपले.

“आमच्याकडे दोन्ही इम्पोर्टेड,” तारवटी म्हणाला. “दोन्ही दर्यापारच्योच.”

मी हसले. एवढंच हसणं त्या दुपारी झालं.

तारवट्याशी मी नऊ वर्षांनी बोलत होते. नऊ वर्षांपूर्वी तो आमच्या बँडमध्ये होता. साखळी गावातल्या एका मोठ्या लग्नात वाजवायचं होतं, तीन महिने तालीम केली होती, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी तो आलाच नाही. फोन बंद. त्याच्या आईनं सांगितलं, तो मुंबईला गेला, जहाजावर चढणार. स्टेजवर मी एकटीनं दोन माणसांचं काम केलं आणि ते वाईट झालं. वधूपित्यानं सगळ्यांसमोर माईक बंद करायला लावला. ते मी विसरले नव्हते. त्याची गिटार विकायची आहे हे मला आमच्या ड्रमवाल्यानं सांगितलं, आणि दोन्ही एका जागी ठेवून बघ, हा आग्रहही त्याचाच. नाहीतर मी तारवट्यासमोर उभी राहिले नसते.

आधी मी अमेरिकन उचलली. पुढचा भाग अखंड लाकूड कोरून केलेला, वरचा रंग इतका पातळ की बोटाखाली लाकडाची शीर लागायची. अ‍ॅम्प्लिफायरला न जोडता नुसती तार छेडली तरी अंगाला भिडायची. आवाज आधी पोटात वाजायचा आणि मग कानात यायचा. जोडल्यावर तर मी डोळेच मिटले. वर पंखा जोरात फिरत होता, खिडकीतून समुद्राचा आवाज येत होता, आणि त्या सगळ्याच्या मधून हा आवाज सरळ चालत येत होता.

मग कोरियन. ही पातळ थर चिकटवून, दाबून केलेली. वर काचेसारखा जाड रंग. आवाज स्वच्छ, पण जरा अंतरावरून आल्यासारखा. नेक म्हणजे जिथे डावा हात फिरतो ती मान. ती बारीक होती, हातात कधी सामावली हे कळलंसुद्धा नाही. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मी आवाजाकडे बघत होते.

पुन्हा अमेरिकन घेतली. तिची मान जाड. दहा मिनिटांनी अंगठ्याच्या मुळाशी कळ उठली. मी वाजवणं थांबवलं आणि हात ओढणीखाली नेऊन झटकला. कोणी बघितलं नसेल असं मला वाटलं.

“पंखो बंद करून बघ,” तारवटी म्हणाला.

म्हातारा लगेच म्हणाला, “नको, फार उकडतं. माझं हृदय...”

 तारवट्यानं अमेरिकन गिटार हातात घेतली, खिडकीकडे नेली, उजेडात तिरपी धरली, आणि तिसऱ्या तारेवरचा एकच स्वर तीन-चारदा वाजवला. मग ती परत पलंगावर ठेवली.

“बंगळुरूचा एकजण उद्या संध्याकाळपर्यंत कळवणार आहे,” म्हातारा मला म्हणाला. “तुझ्याकडे गेली तर मला आनंद होईल. तू वाजवतेस. तो भिंतीवर लावेल.”

मी त्याच वेळी हो म्हणणार होते. तोंडात शब्द आला होता. पण तारवटी दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “बाय, मी खाली थांबतंय,” आणि त्या आवाजात काहीतरी होतं. मी म्हाताऱ्याला सांगितलं, सकाळी येते.

खाली नारळीच्या सावलीत तो स्कूटरला टेकून उभा होता.

“घेव नको,” तो म्हणाला.

“का?”

“आतून काय तरी सुटलांसा. तिसऱ्या तारेर खरखरता. पंख्याच्या आवाजान कळणा नाय.”

“मला नाही ऐकू आलं.”

“तू डोळे मिटून ऐकत हुतंस,” तो म्हणाला. “खुश होवन.”

मला संताप आला. मी त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलले, जी मी शाळेत कधी वापरत नाही. “तुझी विकाची आसा म्हणून सांगतंस. नऊ वर्सां तोंड दाखवलं नाय आणि आता माका शिकयतंस?”

तो काहीतरी म्हणणार होता.

“लग्नाच्या आदल्या दिसा पळान गेलंस,” मी म्हणाले, “तेव्हा तुका माझी काळजी नाय वाटली. आता गिटारीची वाटता.”

दोन रशियन बायका सायकली धरून थांबल्या आणि आमच्याकडे बघून पुढे गेल्या. तारवट्याचा चेहरा उतरला. त्यानं कोरियन गिटारीची पेटी स्कूटरवर आडवी बांधली. बांधताना त्याचे हात घाई करत होते.

“सोमवारपर्यंत माझी कोणाक देणंय नाय,” तो म्हणाला. “मगे बघूया.” आणि गेला.

पेडण्याला परतताना मी रस्ताभर त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होते. घरी आले तर मनगट सुजलं होतं. मी फ्रिजमधून बर्फ काढून रुमालात गुंडाळला आणि स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहिले. नवरा आत आला, त्यानं बर्फ बघितला, हात बघितला.

“किती वेळ वाजवलंस?”

“जास्त नाही.”

“किती?”

“अर्धा तास असेल.”

तो वीज खात्यात मीटर तपासायच्या कामावर आहे. खरं आणि खोटं आकडे बघून ओळखतो, असं तो नेहमी म्हणतो. त्यानं कदेल ओढलं, बसला, आणि मी सगळं सांगेपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, “गिटार घेतंस, काय त्याच्यावरचो राग काढतंस?”

  रविवारी सकाळी मी उठले ती थेट शेजारच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून चहात पाव बुडवून खात होत्या. त्यांच्याकडून लांब दांड्याचा तोंडात घालायचा आरसा मागून घेतला. “कुणाचे दात बघणार?” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “गिटारीचे.” त्यांना तो विनोद वाटला.

हरमलला पोहोचले तेव्हा म्हातारा सामान बांधत होता. पुस्तकांचे गठ्ठे, दोऱ्या, औषधांच्या डब्या. मला बघून त्याचा चेहरा खुलला. “घ्यायचं ठरलं?”

“एकदा बघते,” मी म्हटलं, आणि आत शिरून पहिल्यांदा पंख्याचं बटण बंद केलं.

तो नको म्हणायला पुढे आला आणि मधेच थांबला. पंखा हळूहळू थांबेपर्यंत आम्ही दोघं त्याच्या पात्यांकडे बघत राहिलो. तेवढ्या वेळात खरं म्हणजे मला सगळं कळलं होतं. तरी मला मनापासून वाटत होतं की तारवटी खोटा ठरावा.

मी तिसऱ्या तारेवरचा तो स्वर वाजवला. खर्र. बाटलीत अडकलेल्या माशीसारखा आवाज, स्वराच्या मागोमाग. पुन्हा वाजवला. पुन्हा खर्र. फोनचा दिवा एका खाचेतून आत धरला, दुसऱ्या खाचेतून आरसा घातला. आत, जिथे बाहेरच्या कोणाची नजर पोहोचत नाही तिथे, पुढच्या लाकडाला आधार देणारी एक लांब पट्टी होती. तिच्यावर फेविकोलचे पिवळट ओघळ सुकले होते. एका टोकाला ती उचलली होती. आणि तिच्या बाजूनं, केसासारखी बारीक, जवळजवळ वीतभर लांब चीर गेली होती.

मी आरसा बाहेर काढला.

“कधी झालं?” मी विचारलं.

तो पलंगाच्या कडेवर बसला.  “गेल्या हंगामात. स्टँडवरून पडली. इथल्याच एका सुतारानं चिकटवून दिली. चांगला माणूस. पण तो खिडक्या-दारं करतो.”

“मला सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर घेतली असतीस?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. आणि ते खरं होतं. “पण विचार तरी माझा मी केला असता.”

तो खाली बघत राहिला. त्याचे घोटे सुजलेले होते, हे मला त्या वेळी पहिल्यांदा दिसलं. मला त्याची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला. मी दारापर्यंत गेले. तिथे थांबले.

“बंगळुरूच्या माणसाला सांगणार?”

तो पुस्तकांच्या गठ्ठ्याची दोरी आवळायला लागला.

“खरोखर आहे का तो?”

“आहे.”

“मग त्याला आता फोन करा. मी आहे इथे.”

हे मी वर्गात बोलते त्या आवाजात बोलले. मला स्वतःचंच नवल वाटलं, कारण गिटार तर मी घेणार नव्हतेच. तो कोणाला विकतो याच्याशी मला काय करायचं होतं? पण पाय हलत नव्हते. त्यानं फोन उचलला, चष्मा शोधला, नंबर शोधायला बराच वेळ लावला. पलीकडे कोणीतरी उचलला. त्यानं सांगितलं: चीर आहे, आधारपट्टी सुटली आहे, दुरुस्ती मोठी आहे. एकदा अडखळला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग बराच वेळ ऐकत राहिला. फोन ठेवून म्हणाला, “नको म्हणतो.”

“तुमच्याबरोबर घेऊन जा,” मी म्हणाले. “तिकडे नीट करणारे मिळतील.”

“हो. मुलगी म्हणेल, काय हे लटांबर.” मग त्यानं माझ्याकडे बघितलं. “काल तू वाजवलंस ना, तेव्हा मला वाटलं की गिटार खरंच बरी झाली आहे.”

 मी पंखा पुन्हा चालू केला आणि खाली आले.

तिथून धारगळ. त्या रस्त्यानं मी दोनदा परत फिरायचा विचार केला. हायवेच्या कडेला भोपळे आणि रताळी विकायला बसलेल्या बायकांपाशी एकदा तर स्कूटर थांबवलीही, आणि गरज नसताना रताळी घेतली. तारवट्याचं घर हायवेपासून आत, भातशेतीच्या बाजूला. भात कापणीला आलं होतं. तो अंगणात उघड्या अंगानं स्कूटर धूत होता. मला बघून त्यानं नळ बंद केला आणि दांडीवरचा शर्ट ओढून घातला.

“चीर आसा,” मी म्हणाले. “पट्टीच्या बाजून. वीतभर.”

तो मान हलवून थांबला. ‘मी सांगितलं होतं’ हे तो म्हणाला नाही. त्याची वाट बघून मीच म्हणाले, “तुझा खरां हुता. मी काल वायट बोललंय.”

“लग्नाचा बोललंस ता वायट नव्हता,” तो म्हणाला. “ता बरोबर हुता.”

मग त्यानं मला आत बसवलं. एजंटचा फोन लग्नाच्या दोन दिवस आधी आला होता. गेला नसता तर जागा दुसऱ्याला गेली असती. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. हे सगळं त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं. “पण तुका सांगाक इलंय नाय,” तो म्हणाला. “त्येका कारण नाय. माका तुझ्या तोंडाक तोंड देवक धीर नाय झालो. बस.”

मी क्षमा केली असं मला म्हणवत नाही. माईक बंद झाला तेव्हाचं हॉलमधलं ते शांत होणं माझ्या अंगात अजून आहे. पण त्यानं कारण मोठं करून सांगितलं नाही, हे मला बरं वाटलं. मी म्हटलं, “तुझी गिटार मी घेतंय.”

“थांब,” तो म्हणाला. त्यानं पेटी उघडली, गिटार माझ्या मांडीवर दिली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. “चाळीस मिनिटां वाजय. मगे ठरव.”

“कशाक?”

“काल हात झटकत हुतंस. ओढणीखाली.”

मला कोणीतरी उघडं पाडल्यासारखं झालं. नाही म्हणावं, उठून जावं, असं वाटलं. पण तो शांतपणे समोर बसला होता, जहाजावर रात्रीमागून रात्री चार-चार तास वाजवलेला माणूस, आणि त्याच्या चेहऱ्यावर दया वगैरे काही नव्हतं. हॉटेलात आम्ही सलग वाजवतो त्याला हप्ता म्हणतो, आणि तो चाळीस मिनिटांचाच असतो, हे त्याला माहीत होतं.

मी वाजवायला लागले. पहिली दहा मिनिटं मी फक्त घड्याळ बघत होते. बारीक मानेवर अंगठ्याला ताण कमी होता. पंधराव्या मिनिटाला कळ आली, थांबली, पुन्हा आली. विसाव्या मिनिटाला तो म्हणाला, “अंगठो मागे दामू नको. सोड. गिटार पडणा नाय.” मी अंगठा सैल केला. स्वर बिघडले, मग सावरले. तिसाव्या मिनिटाला माझ्या कपाळावरून घाम गळत होता आणि दात आवळलेले होते. त्याची आई चहा घेऊन आली, ठेवला, आणि काही न विचारता आत गेली. पस्तीस. सदतीस. मनगट गरम झालं होतं, पण कोपरापर्यंत जाणारी ती कळ आली नाही. मी तिची वाट बघत राहिले आणि ती आली नाही.

चाळीस मिनिटं भरली तेव्हा मी हात मांडीवर ठेवला.  मी रडत होते की घाम होता मला माहीत नाही.

“आता घे,” तो म्हणाला.

अमेरिकन मंगळवारी गेला. गिटार बरोबर घेऊन गेला, असं त्याच्या घरमालकिणीनं मला सांगितलं. विमानतळावर टॅक्सीवाल्याला गिटारीला हात लावू दिला नाही म्हणे. तारवटी आमच्या बँडमध्ये परत आला नाही, मी विचारलंही नाही. हंगामाच्या पहिल्या शुक्रवारी तो हॉटेलाच्या मागे, स्कूटर लावतात तिथे उभा राहून ऐकत होता. पहिला हप्ता संपायच्या आत निघून गेला.

कोरियन गिटारीचा आवाज अजूनही मला जरा दूरचा वाटतो. डोळे मिटावेत असा तो नाही. पण त्या शुक्रवारी चौथ्या गाण्यानंतर मनगट तापलं तेव्हा मी बँडमधल्या दोघांकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पाच मिनिटं थांबूया. माझा हात दुखतो.” ड्रमवाल्यानं काड्या खाली ठेवल्या. बास वाजवणारा माझ्यासाठी पाणी आणायला गेला. गिऱ्हाइकं आपापलं बोलत राहिली. पाच मिनिटांनी आम्ही पाचवं गाणं सुरू केलं.